हावरीचं रक्त

'रक्तदान हेच श्रेष्ठदान' असं ज्या ज्या बॅनरवर लिहिलेलं मी आजवर पाहिलं, त्यावर ज्याचं रक्त निघणार त्याचा फोटो कधीच नव्हता. फोटो साहेबांचा. जोडलेले हात, कपाळाला गंध आणि खाली शुभेच्छा देणाऱ्या पोरांची पासपोर्ट फोटोएवढी तोंडं. आपल्या वाढदिवसाला माणूस लोकांना पेढे वाटतो. यांच्या वाढदिवसाला लोकांनी रक्त काढून द्यायचं. मला हे पहिल्यापासून उलटं वाटत आलंय. दोन हजार सालाच्या आसपास आमच्या घरात जे झालं, त्यानंतर तर तसला बॅनर दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी स्वतः रक्त देते, अजूनही देते. पुण्याला कामाला गेले की रक्तपेढीत जाऊन देऊन येते. पण कुणाच्या वाढदिवसाला देत नाही.

माझं माहेर भोर गावातलं आणि सासर वेल्हे तालुक्यातलं, मार्गासनीच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत. घरात सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर आणि माझी धाकटी जाऊ. जाऊ माझ्याहून बरीच लहान. तिचा आवाज चुलीपासून दारापर्यंत पोचायचा नाही. मी फटकळ आणि ती गरीब गाय, त्यामुळं सासूबाईंचं आम्हा दोघींबद्दल काय मत होतं ते वेगळं सांगायला नको.

त्या साली साहेबांच्या वाढदिवसाचं शिबिर भोरला होतं, एका मंगल कार्यालयात. आमच्या गावचा कार्यकर्ता आधीपासून घरोघर फिरत होता. गावातला पहिला मोबाईल याच्याकडं आलेला, तो कानाला लावूनच तो अंगणात शिरायचा. आदल्या साली शेजारच्या गावानं आमच्यापेक्षा जास्त माणसं नेली होती आणि साहेबांनी स्टेजवरून त्या गावाचं नाव घेतलं होतं. ते याच्या जिव्हारी लागलेलं. "औंदा एक बी बाप्या घरात ऱ्हाता कामा न्हाई," म्हणून त्यानं तालमीतल्या पोरांना दम भरला होता. वाढदिवसाच्या सकाळी हलगी लावून टेम्पो आला आणि मिसरूड फुटलेल्यापासून पन्नाशीच्या माणसापर्यंत झाडून सगळे त्यात चढले.

मीही पदर खोचून टेम्पोपाशी गेले. म्हटलं, मी पण देते, येता येता माहेरी तोंड दाखवून येईन. कार्यकर्ता हसून म्हणाला, "वैनी, तुमचं रगत घिऊन काय करायचं? तुमी घरी बसा, आमी आल्यावर गरम गरम वाढा." टेम्पोतले सगळे खो खो हसले. त्यात माझे मालकही होते. मी परत घरी आले आणि दिवसभर भांडी आपटली.

संध्याकाळी सगळे परतले ते पांढरे टी-शर्ट घालून. छातीवर साहेबांचा फोटो आणि 'वाढदिवस महारक्तदान शिबिर', पाठीवर मोठ्या अक्षरात 'मी रक्तदाता' आणि खाली त्या दिवसाची तारीख. आपल्या गावाचं नाव स्टेजवरून दोनदा घेतलं म्हणून कार्यकर्त्याचे पाय जमिनीवर नव्हते. रक्त दिल्याबद्दल प्रत्येकाला एक कार्ड मिळालं होतं. घरात कुणाला रक्त लागलं तर ते दाखवायचं असतं. ती सगळी कार्डं कार्यकर्त्यानं तिथंच गोळा करून साहेबांच्या ऑफिसात जमा केली. "तुमच्याकडं हरवत्याल. कुणाला लागलंच तर सायबांच्या हातनं मिळंल," म्हणाला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सासूबाईंनी दोन्ही लेकांची दृष्ट काढली. मग साजूक तुपातला शिरा, उकडलेली अंडी, रात्री दूध. असं आठवडाभर चाललं. "पोरांनी रगत दिलंय, अंगातली शक्ती गेली आसंल," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. एक बाटली रक्त गेलं त्याचं एवढं कौतुक. आणि त्याच घरात माझ्या जावेला नववा महिना लागत होता. एक अख्खं मूल ती स्वतःच्या रक्तानं घडवत होती, आणि तिला काय सांगितलं जात होतं? "कमी खात जा. पोर आंगानं मोठं झालं तर सुटका व्हायची न्हाई." नर्सबाई गावात येऊन रक्तवाढीच्या लाल गोळ्या देऊन गेल्या होत्या. त्या गोळ्यांनी पोर काळं होतं, असा आमच्याकडं समज. सासूबाईंनी त्या टाकून दिल्या नाहीत, तेवढ्या त्या काटकसरी. म्हशीच्या आंबोणात कालवल्या. मी पाहिलं आणि भांडले. "तुला कळतंय का मला? म्या धा बाळंतपणं केल्यात गावातली," म्हणाल्या. जाऊ मला खुणेनं गप्प बसा म्हणत होती. म्हशीच्या अंगावर चांगलं तेज आलं होतं.

शिबिराला महिनाही झाला नसेल, जावेला कळा सुरू झाल्या. दीर तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. सकाळी मुलगी झाली, पोर धडधाकट. पण आईचं रक्त थांबेना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वेळ न घालवता दवाखान्याच्या गाडीतून तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दुपारी दिरांचा फोन कार्यकर्त्याच्या मोबाईलवर आला. एक बाटली तातडीनं लावली आहे, आणखी दोन तरी लागतील, आणि रक्तपेढी म्हणते बदल्यात रक्त देणारी माणसं आणा. तेव्हा तशीच पद्धत होती. तुमच्या माणसाला एक बाटली न्या, तुमच्यातल्या कुणीतरी एक देऊन जा.

निरोप ऐकून देवळापाशी सगळे जमले. तालीम मंडळ जमलं, दंडाला बेडक्या काढणारी पोरं जमली. आणि मग एकेकाच्या लक्षात यायला लागलं. एकदा रक्त दिलं की पुढं तीन महिने देता येत नाही, हे त्यांना शिबिरातल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. गावात एक बाप्या असा उरला नव्हता की ज्याच्या रक्ताचा माझ्या जावेला उपयोग होता. सगळं गाव साहेबांच्या वाढदिवसाला आटून गेलं होतं.

मी ओरडले, "आता आमचं रगत चालतंय का बगा!" कुणी हसलं नाही. नसरापूर ते वेल्हे शिटा भरून वडापची जीप चालवणारे एक चाचा होते. आमच्या भोरच्या गल्लीतले, मला लहानपणापासून ओळखणारे. ते खेप सोडून आले होते. त्यांच्या जीपमध्ये मी, सासूबाई, शेजारच्या दोन सुना, माझे मालक आणि कार्यकर्ता बसलो आणि निघालो. मालक म्हणाले, "मी सांगतो न्हाई दिलं म्हणून. कुणाला काय कळतंय?" खोटं बोलायला एरवी अडखळणारा माणूस. मला त्या वेळी ते बरंच वाटलं.

रक्तपेढीच्या दारात दीर उभे होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. दोघे भाऊ खिडकीपाशी गेले. आत जाड चष्म्याच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "याआधी कधी रक्त दिलंय?"

"कवाच न्हाई," दीर म्हणाले.

"जल्मात न्हाई," मालक म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून दोघांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "जरा मागं वळा."

दोघे वळले. दोघांच्याही पाठीवर 'मी रक्तदाता' आणि तारीख. एकानं बायकोला दवाखान्यात न्यायचं म्हणून आणि दुसऱ्यानं पुण्याला जायचं म्हणून घरातला सगळ्यात नवा कपडा घातला होता. जीपमध्ये मालक माझ्या समोरच बसले होते, पण मला त्या दिवशी कुणाच्या अंगावर काय आहे ते दिसत नव्हतं. आज हे सांगताना लोक हसतात. मलाही हसू येतं आणि हसता हसता दात खावेसे वाटतात. त्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, महिना पण झाला नाही तुम्हाला. तुमचं रक्त काढलं तर बायकोशेजारी तुम्हालाही खाट द्यावी लागेल."

तेवढ्यात कार्यकर्ता पुढं झाला. "चला रं. सायबांच्या हापिसात आपल्या समद्यांची कार्डं हायती. एका शब्दाचं काम हाय." आणि दोन्ही भावांना घेऊन गेला. बायको आत पांढरीफटक पडलेली आणि नवरा साहेबांच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर बसायला चालला. मी दिरांना म्हटलं, "भावजी, तुमी तरी हितं थांबा." ते म्हणाले, "वयनी, सायेब न्हाई म्हणायचे न्हाईत." त्यांच्या तोंडावर इतका विश्वास होता की मला त्यांना एक मुस्काटात द्यावीशी वाटली.

मग आम्ही बायका. बाईंनी एका काचेच्या भांड्यात निळं पाणी घेतलं. बोटाला टोचून रक्ताचा थेंब त्यात सोडायचा. थेंब बुडून तळाला गेला तर रक्त चांगलं, तरंगत राहिला तर रक्तात कस नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. शेजारची थोरली सून पुढं झाली. धिप्पाड बाई, डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढण चढणारी. तिचा थेंब वरच राहिला. धाकटीचा थोडा खाली गेला आणि परत वर आला. दोघी ओशाळल्या, जणू काही चोरी करताना सापडल्या.

सासूबाई म्हणाल्या, "माजं घ्या की. सुनंला सासूचं चालतंय न्हवं?" बाईंनी वय विचारलं. ते सासूबाईंना नीट माहीत नव्हतं, पण साठीच्या आत असावं. त्यांनी बोट पुढं केलं. भाकऱ्या थापून घट्टे पडलेलं बोट, सुई पटकन आत जाईना. थेंब सोडला. तो निळ्या पाण्यावर तसाच राहिला, हललासुद्धा नाही. सासूबाई वाकून वाकून बघत होत्या. "जाईल की खाली, जरा थांबा," म्हणत होत्या. बाईंनी भांडं बाजूला घेतलं. त्या बाईनं मला आयुष्यभर छळलं, पण त्या वेळी मला तिचाही राग आला नाही. ज्यांनी तिच्या रक्ताचं पाणी केलं त्यांचा आला, आणि ते तर केव्हाच मरून गेले होते.

माझी पाळी आली. माझा थेंब दगडासारखा तळाला गेला.

"तुम्ही काय खाता हो?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "घरात मला हावरी म्हणतात."

त्याचं असं होतं. आमच्यात आधी बाप्ये जेवायचे, मग पोरं, मग सासूबाई, आणि शेवटी सुना. कालवणातल्या फोडी तोवर संपलेल्या असायच्या. आम्हाला खरवड आणि पातळ रस्सा. अंडं, मटण तर वासापुरतं. मी लग्नाच्या पहिल्या वर्षी हे सोसलं आणि मग एक दिवस चुलीपुढं बसल्या बसल्या पहिली भाकरी उतरवली, दूध ओतून कुस्करली आणि खाल्ली. रोज खायला लागले. लपवूनसुद्धा नाही. सासूबाईंनी ते पाणवठ्यावर सांगितलं, पाव्हण्यांत सांगितलं. थोरली हावरी हाय, बाप्याच्या आधी गिळती. त्यावरून माझ्या आईला पण बोल लागला. मी रडले, पण भाकरी सोडली नाही. जाऊ लग्न होऊन आली तेव्हा हा किस्सा तिला पहिल्याच आठवड्यात ऐकवला गेला. आपल्याला कुणी तसं म्हणू नये म्हणून ती पोरगी जन्मभराची उपाशी राहिली.

"म्हणू द्या," बाई म्हणाल्या. "या, झोपा इथं."

सुई जाडजूड होती. दंडाला पट्टा बांधला, हातात एक रबरी चेंडू दिला आणि दाबत राहा म्हणाल्या. पिशवी खाली एका काट्यावर डुलत होती. लोक सांगतात रक्त देताना फार समाधान वाटतं. मला तसलं काही वाटलं नाही. मला टेम्पोतलं हसू आठवत होतं, तुपातला शिरा आठवत होता, आणि मी तो चेंडू असा दाबत होते की फुटला असता. शेजारच्या खाटेवर चाचा झोपले होते. आमच्याकडं सगळ्यांचं लक्ष टेम्पो भरण्यात, त्यांना त्या शिबिराला या म्हणून कुणी म्हटलंच नव्हतं. ते म्हणाले, "पोरी, दाब दाब. रागानं पिशवी लवकर भरती." पिशवी भरल्यावर मी ती हातात मागितली. गरम होती. बाईंनी दोन सेकंद दिली आणि काढून घेतली. माझी पिशवी तपासायला गेली आणि जावेला दुसऱ्या कुणाची तरी तयार पिशवी मिळाली. तसंच असतं. चाचांच्या बदल्यात दुसरी. सासूबाई ती पिशवी खाटेपर्यंत पदराखाली झाकून घेऊन गेल्या, दृष्ट लागू नये म्हणून.

दिवस मावळायला रक्त थांबलं. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. त्यानंतर तिघे हात हलवत परत आले. साहेब दौऱ्यावर होते. ऑफिसातल्या माणसानं लक्ष घालतो म्हणून सांगितलं होतं, चहा पाजला होता. मी माझा पट्टी लावलेला हात कार्यकर्त्याच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, "वाढलं बगा गरम गरम." तो म्हणाला, "वैनी, राजकारण नगा करू."

आणि मग त्यानं काय करावं? गावात सांगितलं की साहेबांचा फोन गेला म्हणून रक्त मिळालं. गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीत सांगितलं, ग्रामसभेत सांगितलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. मी भेटेल त्याला खरं सांगत सुटले. "व्हय व्हय, पण सायबांनी बी केलंच आसंल की काहीतरी," असं उत्तर मिळायचं. सासूबाई स्वतः त्या निळ्या पाण्यावर वाकून आल्या होत्या, पण त्यांचंही हळूहळू तेच मत झालं.

दवाखान्यातून माहेरी गेलेली जाऊ सव्वा महिन्यानं पोर घेऊन परत आली. अजून ओठ पांढरेच होते. सून वाचली म्हणून सासूबाईंनी मटणाचं जेवण घातलं. कार्यकर्त्याला आणि मंडळाच्या पोरांना बोलावलं. आभार मानायला. मी वाटण वाटलं, जाऊ पोराला मांडीवर घेऊन भाकऱ्या करत होती. ओटीवर पंगत बसली. पहिलं वाढप झालं आणि मी आत येऊन पातेल्यातल्या चांगल्या फोडी, कलेजी, दोन भाकरी एका ताटात घेतल्या आणि जावेपुढं ठेवल्या. म्हटलं, पोर माझ्याकडं दे आणि खा.

तिनं ताट मागं सरकवलं. "आक्का, आदी त्यांचं हुंद्या. मी मागनं खाते."

मरणाच्या दारातून आलेली बाई. मला इतका संताप आला की मी तिच्यावरच ओरडले. जिच्यावर कुणीही ओरडावं अशा बाईवर. "मागनं न्हाई. आत्ता. तुज्या आंगात माजं रगत हाय. ते उपाशी ठिवायचा तुला हक्क न्हाई." तिच्या अंगात गेलं ते रक्त माझं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण त्या वेळी मी ते तिला समजावत बसले नाही.

तिनं दाराकडं पाहिलं. मग दाराला पाठ केली, भाकरी मोडली आणि खायला लागली. भराभर, कुणी बघेल म्हणून. मी पोर खांद्यावर घेऊन दारात उभी राहिले. ओटीवरून दिरांनी हाक मारली, "वयनी, रस्सा आणताय न्हवं? पाव्हण्यांची ताटं मोकळी हायती."

मी म्हटलं, "थांबा. ती जेवतीया."